घरी कोण असतं?

१२ तारीख, रविवार

धाकटे,

आशीर्वाद लिहू की नको म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी लिहिला असं समज.

एका भिंतीपलीकडे राहून आपण एकमेकींना साधं "पाणी आलं का" विचारत नाही, आणि आता समुद्र ओलांडून मी तुला पत्र लिहितेय. फोन केला असता तर माझा आवाज ऐकून तू ठेवला असतास. मीही ठेवलाच असता. कागद मात्र तुझ्याच्याने वाचल्याशिवाय टाकवणार नाही, तुझा स्वभाव मला पाठ आहे. सून या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार. म्हणजे ती वाचणारच. वाचू दे. चौथीतलं अक्षर आहे माझं, लागलं तर लागलं.

कारण एवढंच की मी इथे पडलेय. थोडं लागलंय. घाबरण्यासारखं काही नाही, आणि तू घाबरणारीही नाहीस. दवाखान्यात आहे. पायाला वजन बांधून ठेवलंय, मी पळून जाईन अशी त्यांना भीती असावी. ठरल्या दिवशी घरी येणं होत नाही.

किल्ली वाण्याकडे आहे. खिडकीतल्या पिशवीत फॉल लावायला आलेल्या साड्या आहेत. हिरवी मास्तरीणबाईंची, ती लग्नात नेसायचीय, तेवढी आधी परत दे. बाकीच्यांना सांग, थांबायचं तर थांबा, नाहीतर दुकानात जाऊन मशीनचा फॉल मारून घ्या आणि मग पदर ओढला जातो म्हणून रडा.

कशी पडले म्हणशील. हॉटेलच्या न्हाणीघरातली फरशी भिकार. फरशी आहे की आरसा पसरलाय, कळत नाही. मुलगा हॉटेलवाल्यांशी भांडतोय. "आईला जग दाखवायचं" म्हणून घेऊन आला होता बिचारा. दाखवलं. जग म्हणजे एक रांग, ती संपली की दुसरी रांग.

साडीचं विसरू नकोस.

थोरली


१५ तारीख, बुधवार

धाकटे,

दोन निळ्या रेघा आल्या असं सून म्हणाली. म्हणजे वाचलंस. उत्तर नाही. नसू दे. साडी दिलीस का एवढं तरी कळवायचंस. मास्तरीणबाई गरीब आहे, पण तिची आई तशी नाही.

रविवारी थोडं लागलंय लिहिलं. थोडं नाही. खुबा मोडलाय. परवा कापून आत धातूचा गोळा बसवला. आज पडल्यापडल्या लिहितेय, म्हणून ओळी वर चढल्यात.

खरं काय झालं ते तुला सांगते, कारण तू मला धीर द्यायला येणार नाहीस. इथे जो तो धीर देतो. वीट आलाय.

पडले त्याच दिवशी मला इथे आणलं होतं. एक तरणा डॉक्टर आला. इथली माणसं आपल्या भाषेत फोनशी बोलतात आणि फोन मराठीत सांगतो. पण मराठी कसलं, नाटकातल्या राजाचं. म्हणाला, "आपणास होणाऱ्या वेदनेस शून्य ते दहा यांपैकी किती गुण द्याल?" दुखण्याला गुण देतात हे ऐकलंयस कधी? चौथीनंतर मला कुणी गुणांचं विचारलं नव्हतं. मुलगा शेजारी उभा, हातात दुपारच्या बोटीची तिकिटं. साहेबाच्या हातापाया पडून सुट्टी काढलेली. सुनेने टोपी, पाण्याची बाटली, सगळं भरून ठेवलेलं. तिथे मी दहा कुठल्या तोंडाने सांगणार? आणि दहा म्हणजे तरी काय गं? जीव जाताना म्हणतात ते. आपल्या घरात बाळंतपणाला कुणी आवाज काढला नाही. तू तर पहिलटकरीण, उरलेली भांडी विसळून मग आत गेलीस, आणि सासूबाई म्हणाल्या, पातेलं राहिलं. मी म्हटलं, दोन.

डॉक्टर खूश. दोन गुणांच्या बाईला काय करायचं असतं? गोळ्या दिल्या, खांद्यावर थोपटलं, हाडाचा फोटोही काढला नाही. उभं राहून दाखवा म्हणाला, राहिले. दात आवळले की उभं राहता येतं.

मग बोट पाहिली. एक राजवाडा पाहिला, त्याला इतक्या पायऱ्या की राजा घराबाहेर पडत नसावा. सून म्हणायची, "आई, तुम्ही लंगडताय." मी म्हणायचे, चप्पल लागतेय. शेवटी एके दिवशी बसमधून उतरले, आणि पाय माझ्याबरोबर उतरलाच नाही.

मोठा डॉक्टर म्हणाला, पहिल्या दिवशी नीट सांगितलं असतंत तर दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं. नुसती भेग होती, चालून चालून हाड सरकलं. मुलाने हे मला मराठीत सांगितलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नाही, गाड्या लावायची जागा आहे.

आणखी एक. सुने, हे पान पाठव, पण आपल्यातच ठेव. फरशीचा काही दोष नव्हता. मी साडी न्हाणीघरात धुतली आणि पडद्याच्या दांडीवर टाकली. हॉटेलात कपडे धुवायला देता येतात, पण अंगावरून उतरलेली साडी परक्याच्या हातात द्यायची माझ्याच्याने होत नाही. एवढं लांब कापड, ठिबकणारच. त्याच पाण्यावरून मी गेले. मुलगा अजून हॉटेलवाल्यांना फैलावर घेतोय. त्याला सांगायचं तर पुढे अर्धा तास बोलावं लागेल, आणि माझ्यात तेवढा दम नाही.

थोरली


१८ तारीख, शनिवार

धाकटे,

इथे सगळे हसतात. पाणी देणारी हसते, रक्त काढणारी हसते, खालचं भांडं नेणारी तर सगळ्यात जास्त हसते. आपणही उलट हसायचं. दिवसभर हसून गाल दुखतात. त्याला किती गुण, हे कुणी विचारत नाही.

थकले गं. दुखण्याने नाही. कूस बदलायची तरी घंटी वाजवायची, आणि कुणी येईपर्यंत आपण का वाजवली ते विसरायचं. सकाळी एक दांडगी बाई येते, मला काखेत धरून उभी करते आणि धरून चालायच्या एका चार पायांच्या घोड्यापुढे नेते. आधी घोडा, मग मोडका पाय, मग धड पाय. दारापर्यंत गेले की ती टाळ्या वाजवते. मी नातवंडांची लग्नं पाहिलेली बाई, दारापर्यंत गेले म्हणून टाळ्या.

आता नीट वाच.

काल आणखी एक बाई आली. तिचं काम फक्त माणसाचं घर विचारणं. हातात पाटी, गळ्यात चष्मा. घराला पायऱ्या किती, उंबरा केवढा, पलंग किती उंच, सगळं विचारते. त्याशिवाय इथून सोडत नाहीत. फोन म्हणाला, "आपल्या निवासस्थानी आपणासमवेत कोण वास्तव्य करते?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "मी. आई आता कायमची आमच्याकडे असेल. लिफ्ट आहे. तिच्या घराचं बघतोय मी, कुणी भाडेकरू मिळाला तर."

मला हे असं कळलं, धाकटे. परक्या बाईच्या पाटीवर लिहिलं जाताना.

त्याच्या मनात वाईट नाही. पण त्याचं घर मला माहीत आहे. मागे राहिले होते की. सकाळी दोघं कामावर जातात. गॅसला हात लावायचा नाही. दार वाजलं तर उघडायचं नाही. साडी घेऊन कोण येणार दहाव्या मजल्यावर? सुईसुद्धा हातात धरली नव्हती मी तिथे. खुर्चीत बसायचं, लिफ्ट वर आली, लिफ्ट खाली गेली, ऐकत राहायचं. एकदा गेले की परत येणं नाही. भाडेकरूला काय, मी गेल्यावरच उठवतील.

त्या बाईने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघून तेच परत विचारलं. ती तशी हुशार आहे. मी म्हटलं, "जाऊ असते. शेजारी."

मुलगा म्हणाला, "आई, तुम्ही दोघी बोलत नाही." फोनने तेही त्यांच्या भाषेत सांगून टाकलं. चहाडखोर यंत्र.

बाईने जरा विचार केला. म्हणाली, त्या बाईंनी स्वतः मला फोनवर सांगू दे, येत्या गुरुवारच्या आत. आणि अट एक. मला आता खाली बसायचं नाही. कधीच. मांडी नाही, उकिडवं नाही, नाहीतर गोळा निखळतो. घरात खुर्चीसारखा संडास पाहिजे. तो कुठे आहे तेही सांगा.

माझ्याकडे नाही. बांधायला जागाही नाही. तो तुझ्याकडे आहे.

मी बहिणीच्या आजारपणात गेले होते तेव्हा तू मागच्या अंगणात स्वतःच्या गुडघ्यांसाठी ते संडास-न्हाणीघर बांधलंस. मी परत आले तर माझ्या ओट्यावरचं ऊन गेलेलं. विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस. तुझं चुकलंच, ते मी आजही म्हणेन, खुबा मोडला म्हणून माझं मत मोडलेलं नाही. मी सगळ्या आळीसमोर म्हणाले होते, त्या संडासात मी पाय ठेवायची नाही. तिथून आपलं बोलणं गेलं.

तर मागणं असं. मला तुझा संडास वापरू दे. दिवसातून जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा. आणि त्या बाईला सांग की शेजारी मी असते. स्वयंपाक माझा मी करीन, उभ्याने. अंघोळही जमेल. दोन्ही वेळा जिवंत आहे का बघून जायचं, एवढंच.

हे लिहायला मला सबंध दुपार लागली. सून बाजूलाच बसलीय. तिच्याच फोनमधून हे तिच्याच घराविरुद्ध जाणार. काय होतं ते बघू.

थोरली


२१ तारीख, मंगळवार

धाकटे,

निळ्या रेघा शनिवारीच आल्या.

सुनेचं सांगते. पान वाचलं तिने. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता नवऱ्याला दाखवणार. तर तिने फोटो काढला, मग परत एकदा काढला. म्हणाली, "पहिला पुसट आलाय आई, काकूंना वाचता यायला हवं." पहिला पुसट नव्हता, मी पाहिला होता.

काल हळूच म्हणते, "काकूंना मीच फोन करून विचारू का?"

म्हटलं, "तुला काय एवढी घाई?"

कानापर्यंत लाल झाली. मला हसू आलं. मी तिला नकोय. राग नाही आला. दिवसभर बाहेर राबून घरी यायचं आणि खुर्चीत सासू बसलेली. तिच्या जागी मी असते तर विचारत बसले नसते, थेट फोन लावला असता.

मग तीच म्हणाली, "आई, फरशीचं मनाला लावून घेऊ नका. ह्यांना माहीत आहे. दांडीवरची ओली साडी ह्यांनीच काढून घडी केली."

"मग भांडतोय कशाला त्यांच्याशी?"

"कुणाशी तरी भांडायला हवं ना त्यांना," म्हणाली.

मग मला वाटायला लागलं, तो म्हणतो तसंच करावं. कोण झगडणार? हो म्हटलं की सगळे निजतील, मीही निजेन. आज सकाळी त्याला हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दांडगी बाई घोडा घेऊन आली.

उद्याचा दिवस आहे. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी रडणार नाही, शिव्याही घालणार नाही, आधी घातल्यात त्या पुरेत. पण गप्प बसू नकोस. तू गप्प बसतेस ना, ते तुझ्या बोलण्याहून वाईट असतं. मी तुझ्या गप्प बसण्याशी भिंतीला कान लावून वर्षानुवर्षं भांडलेय, आता इथून भांडता येत नाही.

थोरली


२३ तारीख, गुरुवार

धाकटे,

काल दुपारी तुझा निरोप आला. सुनेने फोन माझ्या कानाशी धरला. तुझा आवाज जाड झालाय. खोकल्याचं औषध घेतेस की नाही?

मी तीनदा ऐकला. तू म्हणशील मी असं बोललेच नाही, म्हणून तुझेच शब्द लिहून ठेवते.

"थोरल्या बाई, ऐका. साडी पोचवली त्याच दिवशी. बाकीच्यांना फॉल मीच लावला. तुमच्यासारखा बारीक टाका नाही माझा, बायका नावं ठेवतील, ठेवू देत. उत्तर दिलं नाही कारण गवंडी मिळत नव्हता. आज मिळालाय. न्हाणीघराला तुमच्या ओट्याकडून दार पाडतोय, उंबरा नको म्हटलंय. हा धूळ करून ठेवतोय तुमच्या ओट्यावर, आल्यावर बोंबलू नका. मी तुमची मोलकरीण नाही. सकाळी डोकावेन, संध्याकाळी डोकावेन. मधल्या वेळात मेलात तर संध्याकाळी कळेल. आणि ते ऊन गेलं, ऊन गेलं, ते परत माझ्यासमोर काढायचं नाही. त्या बाईला मी सांगेन, पण आधी तुमच्या लेकाला तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने. उद्या तो म्हणायचा, काकूने आई पळवली. मला नको ते."

उन्हाचं मी काढणार. एवढं कबूल करून घेऊ नकोस. बाकी सगळं मान्य.

तर सांगितलं, काल संध्याकाळीच. सून चहा प्यायला खाली गेली, तिला चहा नको होता. मुलगा माझ्याजवळ संत्रं सोलत बसला होता. मी म्हटलं, "मी तुझ्याकडे येत नाही. माझ्या घरी जाते."

"आई, परत तेच नको."

"परत कुठे? आत्ता पहिल्यांदा सांगतेय. त्या दिवशी तू मला विचारलं नव्हतंस."

"काकू बघणार तुला? तुम्ही बोलत नाही एकमेकींशी."

"बोलेन असं ती म्हणालीच नाही. बघेन म्हणाली."

"आणि परत पडलीस तर?"

"पडेन. माझ्या घरात पडेन."

"लोक काय म्हणतील? मुलगा असून..."

"सांग त्यांना, आई ऐकत नाही. लगेच पटेल."

त्याला हसू आलं नाही. संत्र्याची सालं उगीच बारीक बारीक करत बसला. मग लहानपणी विचारायचा तशा आवाजात म्हणाला, "माझ्याकडे इतकं वाईट काय आहे गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. दमले होते, आणि खोटं छोटं असतं. पण या वेळी म्हटलं, नको. म्हणाले, "वाईट काहीच नाही रे. तुझ्या घरात मला दुखत नाही, भूक लागत नाही, कुणाचा राग येत नाही. मी असते, एवढंच. मला अजून राग यायला हवाय."

तो संत्रं एकटाच खात सुटला. अर्धं संपल्यावर त्याच्या ध्यानात आलं, उरलेलं माझ्या हातात ठेवलं आणि बाहेर गेला. आला तेव्हा घर विचारणारी बाई त्याच्याबरोबर होती. त्याने स्वतःच तुझा नंबर तिला दिला. आकडा एकही चुकला नाही. तो नाराज आहे. काही दिवस राहील. महिन्यातून एकदा येऊन घराला नावं ठेवेल, मी त्याला चहा देईन.

आठवड्याभरात सोडतील म्हणतात. विमानातून उतरल्यावर गाडी आळीत येत नाही हे मुलाला सांगितलंय, तो कोपऱ्यापासून खुर्चीत घालून आणेल. मला उतरवायला माणसं जमवू नकोस. कुणी विचारलं तर सांग, पाय मुरगळलाय.

एक गोष्ट उरली. ती दांडगी बाई म्हणते, पहिले काही दिवस संडासावरून उठताना जमणार नाही, जवळच्या माणसाला हाक मारायची, लाजायचं नाही. म्हणजे तुला. तुला हाक मारायची माझी सवयच गेलीय. आवाज किती लावायचा तेही आठवेना. म्हणून आज दुपारी खोलीत कुणी नाही असं बघून एकदा मारून पाहिली, नेहमीची, "धाकटे" म्हणून. पलीकडच्या खाटेवर पडद्यामागे एक म्हातारी निजली होती, ती मला दिसलीच नव्हती. ताडकन उठून बसली बिचारी.

म्हणजे आवाज शाबूत आहे. तू फक्त ओ देत जा.

थोरली